सोमवारचा जवळा

संध्याकाळी कॉलेजातून येऊन योगिनीने सानवीला उचललं, नेहमीसारखा तिच्या गालाचा पापा घेतला आणि ती जागच्या जागी थबकली. पोरीच्या तोंडाला सुक्या जवळ्याचा वास येत होता. साधासुधा नाही, भाजलेल्या, मग कांद्यावर परतलेल्या आणि वरून दोन कोकमं पडलेल्या जवळ्याचा. या बाबतीत योगिनीची चूक होणं शक्य नव्हतं. जयगडच्या मासेमारी करणाऱ्या खारव्याच्या घरात जन्मलेली मुलगी शाळेत शिकलेली अक्षरं एक वेळ विसरेल, पण हा वास विसरणार नाही. फक्त वार सोमवार होता. सोमवारी या घरात मासळीचं भांडंसुद्धा फळीवरून खाली उतरत नसे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सानवी काही खातच नसे.

खात नसे म्हणजे अगदी जिवावर उदार होऊन खात नसे. सव्वा वर्षाची पोर, बोलता येत होतं जेमतेम दोन शब्द, पण नाही म्हणण्याचे तिच्यापाशी नाना प्रकार होते. ओठ घट्ट मिटायचे, मान सावकाश भिंतीकडे वळवायची, घास तोंडात घेऊन तो गालात ठेवायचा आणि आईचं लक्ष जरा दुसरीकडे गेलं की हळूच लाळेसकट बाहेर सोडून द्यायचा. रडारड नाही, आदळआपट नाही. नको असलेल्या पाहुण्याला दारातूनच गोड बोलून वाटेला लावावं, तसं ती चमच्याला वाटेला लावायची. आणि हे अशा घरात, जिथे मोठी माणसं मोजून तीन आणि तिघंही संशोधक. योगिनी किनाऱ्यावरच्या दोन वर्षांखालच्या मुलांच्या आहारावर प्रबंध लिहीत होती. अंजनवेलपासून जयगडपर्यंतच्या अंगणवाड्या तिने पालथ्या घातल्या होत्या. तिचा नवरा गुरुप्रसाद माशांच्या संप्रेरकांचा अभ्यास करायचा. टाकीत कोंडलेला मासा अंडी का घालत नाही, त्याच्या रक्तातलं कुठलं टपाल कुठे अडकतं, याच्या मागे तो लग्नाआधीपासून लागला होता. आणि सासरे, म्हणजे अण्णा, मुंबईतल्या एका सहकारी बँकेत जन्म काढून निवृत्त झाल्यावर गप्प बसायचं सोडून पीएचडीला बसले होते. विषय, कोकणातल्या बायकांच्या सहकारी संस्था. सासूबाई तेवढ्या गावी भातशेतीत रमलेल्या. फोनवर त्या म्हणायच्या, “शिकलेली तिघंजणा हाव, आनि येक प्वॉर जेवत नाय तुमच्या हातानं.”

पोरीला कडेवर घेऊन योगिनी हॉलमध्ये आली. अण्णा खिडकीपाशी चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होते. “आज काय खाल्लंन हिने?” तिने विचारलं. रोजचाच प्रश्न. अण्णांनी पेपर खाली न घेता सांगितलं, “डबा संपला.” हेही रोजचंच. सकाळी ती नाचणीचं सत्त्व, गाजर आणि मुगाची डाळ एकत्र शिजवून, गाळून, स्टीलच्या छोट्या डब्यात भरून ठेवायची आणि संध्याकाळी तो डबा रिकामा, घासून पालथा घातलेला मिळायचा. दोन महिने हेच चाललं होतं. या डब्यानेच तिला रोज अर्धा आनंद व्हायचा आणि अर्धं वाईट वाटायचं. आजोबांच्या हातून अख्खा डबा खाणारी मुलगी आपल्या हातून चमचाभर खात नाही, म्हणजे दोष अन्नात नाही, हातात आहे. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आणि वजनही त्या डब्याला साजेसंच भरत होतं. मध्यंतरी मागे पडलेलं वजन या दोन महिन्यांत चांगलं वर आलं होतं, आणि त्याचं सगळं श्रेय तिने नाचणीला देऊन टाकलं होतं.

आता तोंडाला जवळ्याचा वास, आणि डबा संपलेला. ती अण्णांना सरळ विचारू शकली असती. पण विचारलं नाही. गावोगाव बायकांना ‘काल बाळाने काय खाल्लं’ असं विचारत फिरणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळलेली असते, की समोरचा माणूस आपल्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकवतो, तेही आपल्यावरच्या मायेपोटी. अंजनवेलला एका आईने तिला मुलाच्या न्याहारीत सफरचंद सांगितलं होतं आणि घरात सफरचंदाचं सालही नव्हतं. योगिनी त्या वेळी मनातल्या मनात हसली होती. आज प्रथमच ती त्या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला उभी होती आणि तिला कसंतरीच झालं. तिने पुन्हा एकदा, कुणाला कळणार नाही अशा बेताने, सानवीच्या तोंडाचा वास घेतला. वास होताच. वाईट वाटण्याऐवजी तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

संध्याकाळच्या जेवणाचा समारंभ नेहमीसारखा पार पडला. वेगळी वाटी, वेगळा चमचा, पोर उंच खुर्चीत, आई समोर स्टुलावर. वाटी वेगळी हवी, म्हणजे मुलाने नेमकं किती खाल्लं ते कळतं. हे तिनेच अंगणवाडी सेविकांना शेकडो वेळा सांगितलं होतं. चिमणीचा घास झाला, काऊचा झाला, जयगड बंदरात येणाऱ्या मोठ्या बोटीचा झाला. सानवीने बोटीकडे कौतुकाने पाहिलं आणि तोंड मिटलं. गुरुप्रसाद बाजूला उभा राहून म्हणाला, “भूक हे संप्रेरक आहे गं. ते आपोआप वर यायला हवं. तू चमचा पुढे केलास की ते दबतं.” खिडकीपाशी बसलेले अण्णा म्हणाले, “ठेवीदाराच्या मागे लागलं की तो ठेव घेऊन शेजारच्या बँकेत जातो.” योगिनीला दोघांचाही राग आला. दोघंही बरोबर असण्याची शक्यता होती म्हणून जास्तच आला. वाटीत उरलेलं तिने ओट्याशी उभ्या उभ्या स्वतःच खाऊन टाकलं. मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, काहीच नव्हतं. पोरीला वरचं सुरू केल्यापासून ती हेच जेवत आली होती; तिचं उरलेलं, ओट्याशी, उभ्याने, एक डोळा घड्याळाकडे ठेवून. जेवण म्हणून ताट वाढून ती शेवटची कधी बसली होती ते तिला आठवेना, आणि आठवायला तिला कधी सवडही झाली नव्हती.

गुरुप्रसाद मागून आला आणि फडक्याने चमचा पुसत सहज बोलावं तसं बोलला. “आमच्याकडे टाकीत एक नवीन मासा आणला होता. चार दिवस दाण्याला तोंड लावेना. आम्ही पाणी तपासलं, रक्त तपासलं, शेवटी मी इंजेक्शनसुद्धा काढलं होतं. मग आमच्या लॅबमधल्या त्या केतनने जागा नाही म्हणून दुसऱ्या टाकीतले पाच-सहा त्यातच सोडले. त्यांनी दाण्यावर झडप घातली, तसा हाही धावला.”

“मग?”

“मग काय. मी इंजेक्शन परत फ्रिजमध्ये ठेवलं.”

“माझी मुलगी मासा नाही, प्रसाद.”

“अर्धी आहे,” तो म्हणाला. “आईकडून.”

ती हसली, पण ते वाक्य तिच्या अंगाला चिकटून बसलं. सानवीला थोपटताना तिला जयगडची मधली खोली दिसायला लागली, आणि वास तर आधीपासूनच नाकात होता. आई, म्हणजे आवडाबाई, बाजार करून दुपार टळताना घरी यायची. टोपली बाहेर उलटी टाकायची, पाय धुवायची आणि कुणाशी एक शब्दही न बोलता भाताची परात पुढ्यात ओढायची. तिला अशी भूक लागलेली असायची की डोळ्यांना माणूस दिसायचं नाही. भातावर कालवण पडायचं आणि आई जेवायला लागायची. तिच्या भोवती योगिनी आणि तिची भावंडं, शेजारची दोन, कधी वाटेवरचं एखादं. कुणी कुणाला बोलवायचं नाही, कुणी कुणाला भरवायचं नाही. परातीत हात पोचला तो जेवला. योगिनीने पुष्कळ आठवून पाहिलं तरी आईने तिला घास भरवल्याचं आठवेना. काऊचा नाही, चिऊचा नाही. आई जेवायची, आणि पोरं आईच्या आजूबाजूला जेवायची, एवढंच. पुढे इथे रत्नागिरीला वसतिगृहात आल्यावर मैत्रिणी आपापल्या आयांच्या हातच्या घासांच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा हिच्यापाशी सांगायला काही नसायचं आणि तिला वाटायचं, आपल्या आईला माया करायला वेळच नव्हता. हे वाटणं तिने इतकी वर्षं सांभाळलं होतं की त्यावरच तिचा विषय उभा राहिला, असंही म्हणता आलं असतं. आपल्या मुलीला मात्र आपण समोर बसून, एकेक घास, सगळं लक्ष तिच्यावर ठेवून भरवायचं. आणि तसंच ती करत होती, आणि पोर उपाशी राहत होती. पोरीला थोपटता थोपटता तिचा हात थांबला. पण पोर झोपली होती, म्हणून तो विचार तिने तिथेच सोडला.

मंगळवारी पहिले दोन तास घेऊन तिने रजा टाकली आणि दुपारी घरी आली. दाराला कुलूप. उघडून पाहिलं, तर अण्णा नाहीत, पोर नाही, डबा नाही. शेजारच्या समीक्षाने दारातूनच सांगितलं, “आजोबा ना, ते नातीला घेऊन रोजच जातात की मिरकरवाड्याला, बंदरावर. संशोधनाला.” सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. योगिनीने रिक्षा केली. ऑक्टोबरची उन्हं अंगाची काहिली करत होती. मारुती मंदिरापासून खाली उतरताना तिने मनात वाक्यं जुळवली, सगळी चांगली, सगळी कठोर. जंतू, उन्हं, काटे, मीठ, तिखट. आणि विश्वास. हा शब्द तिने शेवटी ठेवला होता, कारण तो सगळ्यात लागणारा होता.

बंदरावर लिलाव कधीच आटपला होता. बर्फाचं पाणी वाहून गेलेल्या कोब्यावर कावळे आणि मांजरं आपापला हिशेब मिटवत होती. मच्छीवाल्या बायकांच्या संस्थेची पत्र्याची शेड एका कडेला होती. योगिनी दारात उभी राहिली आणि तिच्या तोंडातली सगळी वाक्यं सुकून गेली. आत पाच-सहा बायका गोल करून जेवायला बसल्या होत्या. त्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अण्णा, मांडीवर मुलाखतीचे कागद, कागदांवर तो स्टीलचा छोटा डबा, आणि अण्णा सानवीच्या गुलाबी चमच्याने नाचणी-गाजर-मूग मन लावून खात होते. सानवी गोलाच्या मधोमध होती. एका ताटापाशी जायची, मूठभर भात उचलायची, अर्धा तोंडात, अर्धा पोटावर, की रांगत दुसऱ्या ताटाकडे. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बायका बर्फाच्या भावावरून तावातावाने बोलत होत्या आणि जेवत होत्या. कुणाच्या ताटात लहान हात आला तर ती बाई बोलता बोलताच काटा काढलेला तुकडा त्या हाताखाली सरकवायची आणि पुन्हा बर्फावर यायची. योगिनीने आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात सुंदर दृश्य ते होतं, आणि तिला इतका मत्सर वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

“मासली संपली गो,” दाराकडे तोंड करून बसलेली एक जाडजूड बाई म्हणाली. “उद्या सकाळचा ये.”

अण्णांनी मान वर केली. चमचा तोंडातच राहिला. मग तो काढून ते उठून उभे राहिले. बँकेत तपासणीला मोठे साहेब आल्यावर ते असेच उभे राहत असणार. “मालनबाय, ही आमची सूनबाई,” ते म्हणाले. “योगिनी, आज कॉलेज नाही का तुला?”

“अण्णा, हा डबा.”

“हो. डबा.” त्यांनी डब्याकडे पाहिलं. “संपतच आलाय.”

“दोन महिने तुम्ही मला सांगताय डबा संपला.”

“मग संपतोच ना. खोटं बोललो असेन तर सांग.” ते एवढ्या कळकळीने म्हणाले की तिला एकदम कळलं, ते खरंच खोटं बोलले नव्हते. डबा संपला का, एवढंच ती ऐकून घेत आली होती. कोणी संपवला हे तिने कधी विचारलंच नव्हतं. प्रबंधातल्या शेकडो आयांनाही तिने असेच प्रश्न घातले असतील, हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याच्या मागोमाग हसू यायला लागलं. अण्णा बोलतच होते. “पहिल्या दिवशी मी मुलाखत घेत होतो. ही मांडीवरनं उतरली आणि सरळ मालनबायच्या ताटात. मी ओढून घेतली, तर हिने असा गळा काढला की बंदर गोळा झालं. मग म्हटलं राहू दे. आता तुझा डबा. पहाटे उठून करतेस. तो टाकून द्यायचा? माझं मन होईना. आणि तुला सांगतो, माझी शुगर उतरली आहे. डॉक्टर विचारत होते, काय पथ्य करता म्हणून. फक्त कणभर मीठ घालत जा गो त्यात.”

“आणि काल सोमवार होता.”

“मी नाही खाल्लं काल,” अण्णा छातीला हात लावून म्हणाले. “पण तिला कुठे वार कळतात. आणि दर्यावर पोट असलेल्यांना सोमवार कुठला?”

योगिनी हसली. आधी थोडं, मग आवरेना इतकं. शब्द शोधून शोधून आणले होते, त्यातला एकही कामाला आला नाही. पण हसू ओसरलं तसं खाली एक गोष्ट उरलीच, आणि ती उरणारच होती. तिची मुलगी सगळ्या बंदराच्या हातचं खात होती. फक्त तिच्या हातचं नाही. सानवीने तिला पाहिलं होतं, “आ” म्हणून ओळखही दिली होती आणि पुन्हा काशी नावाच्या एका म्हातारीच्या ताटाकडे मोर्चा वळवला होता. योगिनी पटकन खाली वाकली. मालनच्या कडेला ठेवलेल्या टोपातून चिमूटभर भात घेऊन तिने गोळी केली आणि मुलीपुढे धरली. “घे बाळा. आईकडून घे.” सानवीने गोळीकडे पाहिलं. ओठ मिटले. मान सावकाश पत्र्याच्या भिंतीकडे वळली.

बर्फाचा भाव थांबला होता. सगळ्या बायका बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत कीव नव्हती म्हणूनच ते जास्त अवघड झालं. मालनने तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. “तू जेवलीस काय गो?”

“हो. म्हणजे घरी जाऊन जेवेन.”

“मंजे नाय,” मालन म्हणाली. “बस हयसर.”

हा प्रश्न योगिनीने किती आयांना विचारला असेल. तिला तो कोणी विचारून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. आणि प्रश्न कानावर पडला मात्र, भूक उठली. आजची नव्हती ती, महिन्यांची साठलेली होती. ओट्याशी उभं राहून गिळलेल्या त्या बिनमिठाच्या घासांनी ती कधी भागलीच नव्हती, नुसती दबून राहिली होती. ती चप्पल काढून मांडी घालून बसली. मालनने ताट पुढे सरकवलं. उकड्या तांदळाचा लालसर भात, त्यावर बांगड्याचं तिखलं, कडेला परतलेला जवळा. पहिला घास तोंडात गेला आणि तिरफळाचा झटका जिभेवरून कानापर्यंत गेला. नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं, तिने ते पुसलंही नाही. दुसरा घास पहिल्यापेक्षा मोठा होता. जवळा दाताखाली कुरकुरत होता, भात गरम होता, कोणी काही बोलत नव्हतं, की बोलत होतं आणि तिला ऐकू येत नव्हतं. आई अशी जेवायची, एवढंच तिच्या मनात आलं. आईला वेळ नव्हता असं नाही. आईला भूक लागलेली असायची, आणि त्या भुकेच्या आसपास बसलं की आपल्यालाही लागायची. मायेला आणखी काही करावं लागतं अशी तिची समजूत कोणी करून दिली होती? मग तोही विचार मागे पडला, कारण भात संपत आला होता आणि मालन आणखी वाढत होती. योगिनी मनापासून जेवत होती. मूल नाही, प्रबंध नाही, घड्याळ नाही. बांगड्याचा पोटाकडचा मऊ तुकडा तिने काटे काढून ताटाच्या कडेला ठेवला, सगळ्यात शेवटी खायचा म्हणून.

तिने पुन्हा त्याच्याकडे हात नेला तेव्हा तिथे आधीच एक हात होता. लहान, भाताने माखलेला. तुकडा मुठीत आवळलेला.

“ए,” योगिनी तोंडातल्या घासासकट म्हणाली आणि डाव्या हाताने ताट स्वतःकडे ओढलं. “तो माझा आहे.”

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. सानवीने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं, मग तो तुकडा मुठीसकट तोंडात कोंबला आणि गाल फुगवून हसली. अण्णांचा चमचा हवेतच होता. मालन पदर तोंडाला लावून हसत होती. इतके महिने जिच्यापुढे घास धरून विनवण्या केल्या, तिच्याशी आपण एका तुकड्यावरून भांडलो, आणि हरलो. योगिनीला ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगत बसायला सवड नव्हती. पोरीचा दुसरा हात ताटात आला होता आणि भात थोडाच उरला होता. तिने घाईघाईने आपला घास उचलला.